आठाच्या आधी नऊ

ता. ७ मार्च

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. बाबा आणि मी इकडे बरे आहोत. तुम्हा दोघांची खुशाली कळवत जा. उत्तराला उशीर झाला म्हणून कान धरतो, पण कारण वाचलंस तर सोडून देशील.

थिएटरात सध्या एक चिनी सिनेमा चालू आहे, तलवारबाजीचा. एक म्हातारा गुरू, त्याचा एकुलता एक शिष्य, आणि जिना चढावा तसे भिंती चढणारे दुश्मन. बोलणं सगळं चिनी. खाली इंग्रजी ओळी पळतात, पण त्या वाचायला इथे कुणाला फुरसत आहे! पब्लिकला हातापायांची भाषा कळते आणि शिट्ट्या पडतात. आमचा डोअरकीपरसुद्धा तिकिटं फाडताना हातवारे करायला लागला आहे.

आता तुझ्या भावाचा पराक्रम ऐक. रिळांचे डबे अगदी खेळाच्या तोंडावर आले, आणि ओल लागून कंपनीच्या चिठ्ठ्या गळून गेलेल्या. डब्यांवर उरले फक्त चिनी आकडे. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा, ते कुणालाही कळेल. मधली रिळं मी फिल्म उजेडात धरून लावली. शेवटच्या दोन डब्यांना मात्र वेळच उरला नाही. एकावर नुसते दोन फाकलेले पाय, दुसऱ्यावर खाली शेपूट वळवलेलं अक्षर. शेपूटवालं मला थेट आपल्या आठासारखं दिसलं, म्हणून ते आधी लावलं. ते निघालं नऊ.

त्या रिळात शिष्य पुलावर मारला जातो. गुरू त्याला उचलून आणतो, मग अंगणात एकटाच हवेत हात फिरवत राहतो, आणि सिनेमा संपतो. समाप्तीची पाटी दिसली तेव्हा चूक ध्यानात आली, पण तोवर दुसऱ्या मशीनवर आठवं रीळ सुरू झालं होतं. लोक माना खाली घालून उठत होते. तेवढ्यात तोच शिष्य पाण्याच्या बादल्या घेऊन हसत अंगणात आला आणि गुरूबरोबर सराव करायला लागला. ताई, टाळ्यांचा असा कडकडाट मी नोकरीला लागल्यापासून ऐकला नव्हता. बाहेर पडताना एक गडी दुसऱ्याला समजावत होता की या गुरूंना मेलेल्याला उठवायची विद्या येते. मी मालकांकडे चूक कबूल केली, तर ते म्हणाले की चूक तुझी असेल, थिएटर माझं आहे, रिळांच्या या क्रमाला हात लावायचा नाही.

सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्या खेळाला बाबा होते. घरात बसून कुजतील म्हणून मीच त्यांना ओढून आणलं होतं. बोट बुडाली त्याला वर्ष उलटलं. बाकीचे खलाशी सापडले, आपला धाकटा सापडला नाही, आणि तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद आहे, धाकटा आला की बघू. नळ गळतो, धाकटा आला की बघू. सुताराच्या घरात खुर्ची डुगडुगते, तीसुद्धा तो आला की बघू. तुला बोलवायचा विषय काढला की तेच. तर बाबा थिएटरातून बाहेर आले ते हसत. म्हणाले की बघ, लोक उगाच घाई करतात. आता ते रोज दुपारच्या खेळाला येतात. दाढी करतात, पोटभर जेवतात. आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मी काय करू ते कळव.

भाऊजींना नमस्कार. रागावायचं तेवढं रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
मोठ्या


ता. १३ मार्च

चि. मोठ्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. शेपटीपर्यंत वाचलं आणि मी वॉर्डातच मोठ्यानं हसले. मेट्रनबाई डोळे वटारून बघायला लागल्या. शाळेत पाढे म्हणतानासुद्धा तुझी गाडी आठ-नऊवर घसरायचीच. मग पुढचं वाचलं, पत्राची घडी घातली आणि ड्यूटी संपेपर्यंत खिशातून काढलं नाही.

आधी मलाही वाटलं की चालू दे. बाबा जेवतात हे ऐकूनच डोळे भरून आले. पण मी इथे काय बघते ते सांगते. एखाद्या आजोबांना घरचे सांगतात की आजी दुसऱ्या वॉर्डात आहेत, बऱ्या आहेत. आजोबा खूश होतात, मुकाट्यानं गोळ्या घेतात. मग एके दिवशी विचारतात की मला तिच्याकडे कधी नेता? तेव्हा घरचे माझ्या तोंडाकडे बघतात. बाबाही असंच काही विचारतील. शिवाय सिनेमा आज ना उद्या उतरणारच. मग रोज दुपारी त्यांनी कुठे जायचं?

आणि आता मनातलं लिहिते. मला धाकट्यासाठी अजून धड रडता आलेलं नाही. गेल्या वर्षी बोट बुडाल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा मी बॅग भरून तयार होते. बाबांचा निरोप आला की रडायला येणार असशील तर येऊ नकोस, तो आला की ये. मी थांबले. बाप म्हणतो जिवंत आहे, आणि मी नाही म्हटलं तर मीच त्याला मारल्यासारखं होईल, असं वाटायचं. इथे लोकांच्या माणसांवर मी रोज पांघरूण घालते. माझ्या भावासाठी मला माझ्याच घरात बसायची सोय नाही. याचा मला राग येतो, बाबांचा राग येतो, आणि मग लाज वाटते.

रिळं सरळ लाव. पण चोरून नको, आधी बाबांना सांग. मालक ओरडतील तर ओरडू देत, ओरड्यानं कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत. बाबांना माझा नमस्कार सांग, आणि तू वेळेवर जेव. पत्राची वाट पाहायला लावू नकोस, इथे तेवढाच आधार आहे.

तुझी,
ताई


ता. २१ मार्च

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. तुझं ऐकलं, पण अर्धंच. मालकांशी शब्दानं शब्द वाढला. नोकरी सोडतो म्हटल्यावर ते नरमले, कारण त्या जुनाट मशीनी माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. बाबांना मात्र सांगता आलं नाही. चहा घेताना नुसतं तोंड उघडायचो आणि मिटायचो. त्यांनी विचारलं की दात दुखतो का? मी हो म्हणालो. एवढा मोठा घोडा झालो तरी बापापुढे जीभ टाळ्याला चिकटते.

दुपारचा खेळ लावला. आधी आठवं रीळ. गुरू आणि शिष्य जोडीनं सराव करतात, एकानं वार करायचा, दुसऱ्यानं अडवायचा, पाळीपाळीनं. मग नववं. शिष्य पडला तसे पुन्हा-पुन्हा येणारे लोक केबिनकडे वळून ओरडायला लागले, पुढचं रीळ लाव म्हणून. मला आईवरून शिव्या मिळाल्या. पडद्यावर म्हातारा अंगणात एकटा उभा राहिला आणि त्यानं तोच सराव सुरू केला. आपला वार करतो, मग शिष्याचा वार यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा थांबतो, मग पुढचा हात. उलट्या क्रमात हे कुणालाच उमगलं नव्हतं. म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणून लोक हसायचे, मीसुद्धा हसलो होतो. त्या दिवशी ओरडा हळूहळू विरत गेला. ती मेलेल्याला उठवायची विद्या सांगणारा गडी आला होता, तो रुमालात नाक शिंकरत बाहेर पडला. दोघांनी मात्र डोअरकीपरची कॉलर धरली, फसवलंत म्हणून.

बाबा जागचे हलले नाहीत. झाडूवाली आली तेव्हा उठले आणि जिना चढून केबिनमध्ये आले. इतक्या वर्षांत ते कधी वर आले नव्हते. त्यांनी विचारलं की यातलं खरं कुठलं? मी डबे दाखवले, शेपूट दाखवलं, सगळं सांगितलं. त्यांनी डबा लांब धरून पाहिला आणि म्हणाले की दिसतो खरा आठासारखा. मग उतरून गेले.

तेव्हापासून ते सिनेमाला आलेले नाहीत. दिवसभर आपल्या कामाच्या खोलीत दार लोटून बसतात. हत्याराचा आवाज नाही. मी जेवायला हाक मारली की येतात, खाली बघून जेवतात. ताई, मी त्यांचं पोर दुसऱ्यांदा बुडवलं. त्यांनी बोलावलेलं नसलं तरी सुट्टी मिळते का बघ. एकट्यानं हे मला झेपत नाही.

चुकलं असेल तर पदरात घे.

तुझा,
मोठ्या


ता. २४ मार्च

चि. सौ. ताईस,

अनेक आशीर्वाद. मोठ्याकडून कागद मागून घेतला. हात रंध्याला सरावलेला आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तो सिनेमा मी रोज पाहत होतो. तो म्हातारा एकटाच हात फिरवायचा तेव्हा मला वाटायचं की बिचारा भ्रमिष्ट झाला. रिळं सरळ लागली त्या दिवशी कळलं की त्याला सगळं ठाऊक आहे. पोर गेलंय हे ठाऊक आहे, म्हणूनच तो त्याच्या वाराची जागा सोडतो आणि आपल्या वाट्याचं चालू ठेवतो. भ्रमिष्ट मी होतो. मी तुम्हा दोघांचेही हात धरून ठेवले. तुला तर उंबऱ्याबाहेर ठेवलं.

मोठ्याला वाटलं, मी त्याच्यावर रागावलो. तसं काही नव्हतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. काल त्याला जवळ बसवलं. एवढा बाप्या माणूस, लहान पोरासारखा रडला. मीही रडलो. जेवण करपलं ते नंतर लक्षात आलं.

घरातलं माणूस गेलं की लेकीला बापानं कळवायचं असतं. ते काम माझं होतं आणि मी केलं नाही, तुला ते भावाकडून कळलं. म्हणून आज मी स्वतः कळवतो.

ताई, बोट बुडाली त्यात आपला धाकटा गेला. तो आता यायचा नाही. पत्र मिळताच निघून ये.

तुझे,
बाबा