पुढच्या कडीचा स्क्रू

३ फेब्रुवारी, शनिवार

भोक पाडलं! एका दमात, सरळ, कुठे चीर नाही की ढलपी नाही. हिच्या रायफलीच्या लाकडी दस्त्याला पुढच्या बाजूने पट्ट्याची कडी बसवली — घरीच, गॅलरीतल्या माझ्या टेबलावर. ही आधी गोळी उडवणारा बोल्ट काढून कपाटात कुलूपबंद करून आली आणि किल्ली मुठीत धरून शेजारी उभी राहिली. परवाना तिच्या नावावर, त्यामुळे रुबाबही तिचाच.

"अहो, नेमबाजीचे सर म्हणाले होते क्लबच्या मेकॅनिककडून करून घ्या."

म्हटलं, मी तीस वर्षं वर्कशॉपात काय माशा मारल्या?

काम तसं साधं. झोपून नेम धरताना पट्टा डाव्या दंडाला आवळतात, त्याचं दुसरं टोक ह्या कडीत अडकतं. कडीचा स्क्रू लाकडातून आरपार जातो आणि त्याच्या टोकाच्या जरा वर रायफलीची नळी असते. नळीला मात्र काही टेकता कामा नये, टेकलं की गोळ्या भरकटल्या. सरांनी हिच्याबरोबर निरोप धाडला होता, स्क्रू आणि नळीत दोन मिलिमीटर तरी जागा ठेवा. मी अर्धा ठेवला. मोजून! दोन मिलिमीटर म्हणजे मधून बैलगाडी जाईल. वर्कशॉपात मला उगाच 'सूतभर' म्हणत नव्हते — सूतभराचाही फरक चालायचा नाही.

रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा हात खऱ्या कामाला लागले. छान वाटलं.

४ फेब्रुवारी, रविवार

क्लबात हिने येईल त्याला दस्ता उलटा करून दाखवला. "आमच्या ह्यांनी घरीच बसवली!" हिच्या शेजारी नेम धरायला डॉक्टरीणबाई असतात, त्या म्हणाल्या, माझीही द्या ना बसवून. मी हरभऱ्याच्या झाडावर. मेकॅनिक लांबून बघत होता, त्याला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालो, बघू, सवड काढतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

उद्या संघाची निवड. चौघींतून दोघी. ही अठ्ठेचाळीसची, पुढची निवड दोन वर्षांनी. "तेव्हा चष्म्याचा नंबर कुठे गेलेला असेल कोण जाणे," म्हणाली. जेवतानाही श्वास मोजतेय. मी मीठ दोनदा मागितलं, दोन्हीदा तिला ऐकू गेलं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

गेली संधी.

साठ गोळ्या होत्या. पहिल्या तीस काय सुंदर! सगळ्या मधोमध. मग दंड घामाने निसटतोय म्हणून हिने पट्टा एक भोक आवळला आणि तिथून गोळ्या वर-वर चढायला लागल्या. ही थांबे, मान हलवी, पुन्हा नेम धरी. पुन्हा वर. तिसरी आली. तीन गुणांनी हुकलं.

सर म्हणाले, "मन ढळलं तुमचं." मग नियम वाचून दाखवला — साहित्यात दोष निघाला तर सात दिवसांत अर्ज करा, पुन्हा संधी मिळते. पुढच्या रविवारी पाचपर्यंत.

ही म्हणाली, "साहित्य उत्तम आहे, सर. घरचं काम आहे."

येताना बसमध्ये तिने उजवा हात समोर धरला आणि थरथरतो का ते बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

लिहू की नको! पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

ही रायफल साफ करायला बसली होती. तिच्या बहिणीचा फोन आला म्हणून आत गेली. म्हटलं, तोवर आपण हात लावू. नळी दस्त्यातून वेगळी केली. नळीच्या पोटाला, काळ्या रंगावर, मोहरीएवढा चकचकीत ठिपका. खाली बघतो तर स्क्रूचं टोकही तसंच चकचकीत. घासलं होतं!

पुन्हा जोडली. स्क्रूच्या जागी नळीखालून कागद सरकवला — आरामात गेला. मग पट्टा अडकवला, पायाखाली धरून ओढला, जितका ती ओढते तितका. कागद अडकला. हालेना.

लोखंड मी ओळखतो. लाकूड ओढलं की वाकतं, हे मी हिशेबात धरलंच नाही. माझा तो मोजून ठेवलेला अर्धा मिलिमीटर लाकडाने गिळून टाकला. दोन का ठेवायचे ते सरांना माहीत होतं. त्या मेकॅनिकलाही माहीत असणार.

आतून हिचा आवाज येत होता. "नाही गं, माझंच चुकलं. आता होत नाही पूर्वीसारखं."

बाहेर येऊन तिने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." वरून तेलाचा हात फिरवून दिला. हरामखोर आहे मी.

२१ फेब्रुवारी, बुधवार

उद्या सांगतो. नक्की.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

कालचं वाचलं. थू!

सकाळी तोंड उघडलं होतं. ही लायब्ररीत जायला निघाली होती, चप्पल घालत होती. "अगं —" म्हटलं. "काय?" "छत्री घेतलीस का?" बाहेर रखरखीत ऊन. ती हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अर्जात सगळं लिहावं लागेल. सर तो क्लबात वाचणार. मेकॅनिक ऐकणार. एवढ्यासाठी जीभ टाळूला चिकटलीय — चार माणसांसाठी, ज्यांची मला धड ओळखही नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

ही हात दाखवायला डॉक्टरांकडे गेली. मीही गेलो, तिची पर्स सांभाळत बसलो. डॉक्टरांनी बोटं ताणून बघितली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. काही दोष नाही म्हणाले. हिचा विश्वास बसेना. "मग गोळ्या वर का गेल्या हो?" असं त्या डॉक्टरांना विचारलं! ते बिचारे काय सांगणार! ज्याला सांगता आलं असतं तो पर्स मांडीवर घेऊन भिंतीवरचा तक्ता वाचत होता.

२४ फेब्रुवारी, शनिवार

माझी बारीक कानस जागेवर नव्हती. डब्यात भलत्याच खणात सापडली. चिडलो — माझ्या हत्यारांना घरात कोण हात लावतं? "मी घेतली होती," ही म्हणाली, "नखाला." नखाला कानस! बोललो बरंच. तिने ऐकून घेतलं.

संध्याकाळी चहा पिताना मध्येच विचारते, "तुम्हाला काही बोलायचंय का?"

"कुठे काय!"

"बरं," म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

२५ फेब्रुवारी, रविवार

निवडलेल्या दोघींसाठी क्लबात चहापाणी. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कडीचं काढलं. मी काही म्हणायच्या आत ही परस्पर म्हणाली, "नको गं, ह्यांच्या डोळ्यांना ताण पडतो आता." माझे डोळे ठणठणीत आहेत! राग आला. आणि सुटल्यासारखंही वाटलं.

मग कुणीतरी विचारलंच — काय झालं हो त्या दिवशी? ही माझ्या शेजारी उभी. म्हणाली, "माझाच हात हलला. वय झालं." सगळे हसले. ती बोलून माझ्याकडे बघत होती. मी बिस्किट चहात बुडवलं आणि म्हटलं, "होतं असं कधी कधी."

होतं असं! हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

भिंतीवर पाच वाजले. सरांनी अर्जांची फाइल मिटली. मला हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

ही सरावाला जात नाही. मी विचारत नाही.

२ मार्च, शनिवार

सकाळी ठरवलं, निदान स्क्रू तरी गुपचूप आखूड करून ठेवू. किल्ली मागितली. "पट्ट्याला तेल लावतो." तिने दिली. कशाला, काय, काही विचारलं नाही.

नळी उचलली. स्क्रू आधीच घासलेला होता. चांगला दोन मिलिमीटर आखूड. टोक तिरकं, कानशीचे ओरखडे आडवेतिडवे — कधी कानस न धरलेल्या हाताचं काम.

कपाटात पट्ट्याच्या पिशवीखाली घडी घातलेला कागद. क्लबचा अर्ज. तारीख २४ फेब्रुवारी. तिच्या गोल अक्षरात सगळं भरलेलं — रायफलीचा नंबर, दोष, कितव्या गोळीपासून, कागद कुठे अडकला तेही. खाली सही. एकच रकाना कोरा होता — 'सदर काम कोणी केले'.

मुदत संपून सहा दिवस झाले. पेन घेतलं आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. ती आत कपबशा विसळतेय. हा कागद घेऊन तिच्याकडे जातो.