स्पॅनिशच्या तबकड्या

शामकला,

मी धानाचे नमुने आणायला तिरोड्याला जातो आहे. संध्याकाळच्या गाडीने परतेन. दुपारी दुकानातून घनश्याम येईल. स्पॅनिश शिकायच्या तबकड्यांचे दोन्ही संच कपाटावर आहेत. ठेवायचा तो ठेव, बाकी त्याला परत दे.

पहिल्या संचात एकटे गुरुजी बोलतात, उच्चार अगदी स्वच्छ. दुसऱ्यात नवरा-बायको बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या उत्तरासाठी मध्ये थांबतात. तेव्हा पिकल्या धानावरून वारा जावा तशी नुसती सुईची सळसळ येते, आणि मला अर्जेंटिनातल्या त्या शेतांच्या बांधावरून आपण दोघं चालताना दिसतो. काल शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, “काय वो, हे दोघं भांडून राहिले का गाऊन राहिले?” तू हसलीस आणि तांदूळ निवडता निवडता तबकडीतल्या बाईला उत्तर देऊन मोकळी झालीस. तुझा उच्चार माझ्यापेक्षा चांगला होता.

तिथल्या नोकरीचा होकार-नकार या महिन्यात कळवायचा आहे. दोघांचंही भाडं ते देतात. समोर विचारलं की तू “तुम्ही म्हणाल तसं” म्हणतेस, म्हणून आज मी मुद्दाम घरात नाही.

दुसरा संच ठेवलास तर दोघं जाऊ. दोन्ही परत केलेस तर इथेच राहू, मी कारण विचारणार नाही. फक्त पहिला ठेवून मला एकट्याला धाडू नकोस.

शालीकराम