मागच्या माइकवरचा आवाज

अप्पा,

आमच्या बँडचा लाइव्ह अल्बम परवा निघाला. लोकगीतं आम्ही गिटार-ड्रमवर गातो. हे खूळ तुम्ही गेल्यानंतरचं. मुख्य गायक ऐन वेळी कॅनडाला गेला, मीरा रोडचा हॉल आधीच घेतलेला, म्हणून गिटार वाजवणारा मी पुढच्या माइकवर आलो. मागून धृपदाची झील धरायला उत्तनची एक नवी मुलगी घेतली. तिसऱ्या गाण्यात वरच्या सुरावर माझा आवाज फाटला, आणि त्याच शब्दावरून तिने ओळ अशी उचलली की हॉलमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही.

स्टुडिओत रेकॉर्डिस्ट म्हणाला, "इथे परत गाऊन टाक ना, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, आधी तिचा माइक एकटा ऐकव. ऐकलं. अख्खं गाणं ती हलक्या आवाजात माझ्यासोबत गात होती, माझ्याआधी श्वास भरून घेत होती. विचारलं तर म्हणे, "मग काय? तू अडकलास तर गाना थांबनार न्हाय ना!" मी थक्क होऊन तेच ते ऐकत बसलो. तो तुकडा आम्ही तसाच ठेवलाय.

कलापथकात तुम्ही शाहिराच्या मागे उभे असायचात, आणि तुमचेही ओठ सतत हलायचे. मला वाटायचं, पुटपुटताय काहीतरी. आमच्या इंद्रलोक वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमाला मित्रांनी विचारलं, तुझे पप्पा कुठले, तर मी पुढच्या शाहिराकडे बोट दाखवलं. ते तुमच्या कानावर गेलं. आजही दिसतं: आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही ओट्यापाशी उभे आहात आणि आवाज न चढवता म्हणताय, "मागं हुबा ऱ्हातो म्हणून लाजलास व्हय? त्याचा दम सरला की गाणं कुणापाशी असतं, इचार त्याला जाऊन." मी गेलो नाही. गाढव होतो. इतकी वर्षं तुम्ही प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलात, आणि आम्हाला फक्त धृपद ऐकू आलं.

हे लिहून वहीतच ठेवणार आहे. शेवटच्या आजारपणात एका दुपारी तुम्ही पलंगावर पडून गात होतात. दम लागला, ओळ अर्धी राहिली, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पुढचे शब्द मला पाठ होते, अप्पा. मी पेपर वाचत बसलो.