इटालियन कशाला?

बाबा, ह्या वर्षी वर्गात सव्वीस मुलं आहेत. माजिवड्याच्या चौकातून चालत पोचता येईल असं कॉलेज आहे, तिथे मी आठवड्यातून तीन दिवस इटालियन शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा मी बँकेत नोकरीला होते, त्यामुळे हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. पहिल्या दिवशी मी मुलांना एकेक कागद देते आणि एकच गोष्ट लिहायला सांगते: इटालियन का घेतलं? नाव घालायचं नाही, मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. बऱ्याच जणांना पुढे तिकडे शिकायला जायचं असतं. दोघीतिघींना फॅशन डिझाइन करायचं असतं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक मुलगी आहे, तिला मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरी हवी आहे. 'होडीत जल्म गेला, आता मोठी बोट बघतो' असं तिने लिहिलं. एकाला फुटबॉलपटूंच्या मुलाखती मूळ भाषेत ऐकायच्या आहेत. एकाने सरळ लिहिलं, 'फ्रेंचच्या सीट भरल्या.' ह्या मुलावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास बसला. आणि एका कागदावर निळ्या शाईत, गोल अक्षरात होतं, 'घरी कोणालाच येत नाही म्हणून.' तो कागद मी बाकीच्यांसारखा गठ्ठ्यात ठेवला, पण घरी आल्यावर पुन्हा काढून वाचला.

हाच प्रश्न तुम्ही मला विचारला होतात. कोपरच्या आपल्या घरात, रविवारी सकाळी, ओट्यापाशी. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि तुम्हाला पिठलं जमायला लागलं होतं. तुम्ही डावाने पिठलं घोटताय, पाठ माझ्याकडे, आणि मी सांगते की लेक्चरं संपल्यावर ठाण्याला कॉलेजातच इटालियनचा वर्ग लावलाय, मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेपाच ते साडेसात. तुम्ही गॅस बारीक केलात. "इटालियन कशाला? जर्मन शीक. आमच्या कंपनीत जर्मन येणाऱ्याला डोक्यावर घेतात." मी म्हटलं, इटालियनलाही स्कोप आहे. तुम्ही म्हणालात, "कोण म्हणतं?" मी म्हटलं, सगळेच म्हणतात. खरं म्हणजे कोणी काही म्हटलं नव्हतं. जर्मनचा वर्ग दुपारी दोनला होता आणि चारला सुटत होता. तुम्हाला सेकंड शिफ्ट होती, रात्री अकराशिवाय घरी यायचा नाहीत. पाचला येऊन ते कुलूप उघडायचं, आत जाऊन एकेक दिवा लावायचा, हे मला नको होतं. संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारा कॉलेजमधला एकच वर्ग इटालियनचा होता. जपानीचा असता तर मी जपानी शिकले असते.

दुसऱ्या वर्षी तुमच्या कंपनीत गोळ्यांच्या पट्ट्या भरणारं नवीन मशीन आलं, आणि ते बसवायला इटलीहून इंजिनियर आला. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, इंग्रजी जेमतेम. तुम्ही साहेबांना सांगितलंत, माझी मुलगी इटालियन शिकते. कधी सांगितलंत, काय सांगितलंत, मला माहीत नव्हतं; एका शनिवारी तुम्ही मला एमआयडीसीत घेऊन गेलात तेव्हा गेटवरचा वॉचमनसुद्धा "या, या, इटालियनवाल्या मॅडम" म्हणाला. आत मशीनभोवती सहासात जण उभे. इंजिनियर बोलायला लागला आणि मला एक शब्द कळेना. आम्ही वर्गात स्टेशनचा रस्ता विचारायला शिकलो होतो, कॉफी मागवायला शिकलो होतो. तो, हे नंतर तुमच्याकडून कळलं, कुठल्यातरी दातेरी चाकाबद्दल आणि पट्टा सैल असण्याबद्दल सांगत होता. मी लाल होऊन नुसती मान हलवली. साहेब घड्याळ बघायला लागले. शेवटी तुम्हीच पुढे झालात, पाना उचललात, त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्यात. त्याने बोट फिरवून दाखवलं, तुम्ही अर्धा आटा आवळलात, तो म्हणाला "एक्को!", म्हणजे हेच ते, आणि पुढचे दोन तास तुम्हा दोघांना माझी गरज पडली नाही.

परत येताना रिक्षात मी वाट बघत होते की तुम्ही रागवाल. तुम्ही रागावलात, पण वेगळ्याच गोष्टीवरून. "पान्याला काय म्हणतात ते नाही आलं, हरकत नाही. ते आम्ही हाताने भागवतो. पण दुपारी तो माणूस कोपऱ्यात बसून दोन केळी खात होता, बघितलंस ना? दहा दिवस झाले, केळीच खातोय. कँटीनचं तिखट त्याला सोसत नाही. जेवलात का, एवढं तुला विचारता येत नव्हतं? मग दोन वर्षं शिकलीस काय?" मी म्हटलं, मला सुचलं नाही.

सोमवारी कॉलेज बुडवून मी परत तुमच्या कंपनीत आले. तो कोपऱ्यात बसला होता, केळं सोलत. मी जवळ जाऊन विचारलं, "आ मांजातो?" जेवलात का. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग जे बोलायला लागला ते पाच मिनिटं थांबलाच नाही. अर्धं मला कळलं. तिखट नको, मसाला नको, साधा पांढरा भात मिळाला तर बरं, एवढं नक्की कळलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही लगेच म्हणालात, "रविवारी दुपारी घरी बोलाव."

तो आला. तुम्ही मऊ भात केला होतात, वर तूप, मीठ, बाजूला बटाट्याची बिनमिरचीची भाजी. तो खाली मांडी घालून बसला, गुडघे जमिनीला टेकत नव्हते. तीन वेळा भात घेतला. तिसऱ्यांदा तुम्ही वाढत असताना त्याने मला विचारलं, तू इटालियन का शिकतेस? आणि बाबा, मी त्याला खरं सांगितलं. मोडकंतोडकं, काळांच्या चुका करत, पण खरं. आई वारली, बाबा कामावर असतात, संध्याकाळी घरी कोणी नसतं, मला त्या घरात एकटीने शिरायचं नाही. तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर, भाताचं पातेलं घेऊन उभे होतात. मराठीत ते वाक्य मी तुमच्यासमोर जन्मात बोलू शकले नसते. त्याने घास खाली ठेवला आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही विचारलंत, "काय म्हणालीस गं?" मी म्हटलं, "आवड म्हणून शिकते, असं सांगितलं." तुम्ही म्हणालात, "बरं," आणि त्याच्या पानात तूप वाढलंत.

तो अजून चार दिवस होता. तुम्ही दोघं सतत त्या मशीनपाशी. त्याने तुम्हाला काही सांगितलं का, हातांनी, खुणांनी, ते मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही फर्स्ट शिफ्ट मागून घेतलीत. कारण विचारलं तर म्हणालात, झोप पुरत नाही. मी साडेआठला घरी यायची तेव्हा दार नुसतं लोटलेलं असायचं. तरीही मी इटालियन सोडलं नाही. तोवर ते आवडायला लागलं होतं, आणि हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे पुन्हा सांगायची सोय नव्हती.

आता गेल्या महिन्यातलं. ते गोल अक्षर पहिल्या चाचणीत ओळखलं. टिटवाळ्याची मुलगी आहे, बी.कॉम.ला, फारसं बोलत नाही, क्रियापदं मात्र चोख. एका गुरुवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी तिचे वडील आले. नव्या इमारतींमध्ये लिफ्ट बसवायचं काम करतात. हातात एक दोनशे पानी वही.

"मॅडम, ही हिच्या कपाटात सापडली. रोज लिहिते, दार लावून. हे इटालियनच ना?"

"हो."

"मग वाचून सांगा ना काय आहे ते. मुलगाबिलगा असेल तर आत्ताच कळलेलं बरं. आणि मला एक सांगा, ह्या इटालियनचा उपयोग काय? आमच्या घरात कोणाला ओ की ठो कळत नाही."

माणूस आवाज चढवत नव्हता. घाबरलेला होता. वही त्याने दोन्ही हातांनी धरली होती. मी ती घेतली, मधलं पान उघडलं आणि लगेच मिटली. "हा गृहपाठ आहे," मी म्हटलं. "मीच दिलाय. रोज एक पान, मनातलं काहीही लिहायचं. त्याशिवाय भाषा येत नाही."

"रोज?"

"रोज. सगळ्यांनाच."

तो खुर्चीत टेकला. "मग ती सांगत का नाही तसं?"

"तुम्ही विचारलंत का?"

त्याने माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. म्हणाला, "चांगली आहे का ती ह्यात?" मी म्हटलं, वर्गात पहिली. वही जागेवर ठेवून द्या, असंही म्हटलं. तो म्हणाला, "ठेवतो," आणि पाणी कुठे मिळेल ते विचारून बाहेर गेला. त्या संध्याकाळी मी सगळ्या वर्गाला रोज एक पान लिहायला सांगितलं. सव्वीस मुलं एकदम कुरकुरली. पंचवीसच म्हणायला हवं. ती खाली मान घालून बसली होती.

पुढच्या मंगळवारी ती वर्गानंतर थांबली. वडिलांनी तिला सांगितलं होतं, मी तुझी वही मॅडमना दाखवली. "मॅडम, तुम्ही वाचलीत?" मी म्हटलं, "नाही. उघडून मिटली." तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, आभार मानत "ग्रात्सिए" म्हणाली आणि गेली. ती अजून वर्गात आहे. परीक्षेचा फॉर्म तिच्या वडिलांनीच भरला.

बाबा, तो माणूस पाणी प्यायला गेला, जिना उतरून परत येईपर्यंत पाच मिनिटं लागली असतील. तेवढ्यात मी माझ्याच हातात राहिलेली ती वही उघडली आणि चार पानं वाचली. मुलगाबिलगा कोणी नव्हता. काय होतं ते मी इथेही लिहीत नाही.