मागच्या फळीवरचा दगड

४ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचे! गाव एवढंसं, नदीकाठी. चहूकडे लव्हाळ्यांची दलदल, शेजारी जायचं तरी नावेनंच. आमच्या खोलीची खिडकी पाण्यावरच उघडते. ही बेहद्द खूश. आठ दिवस वह्या तपासायला नकोत, म्हणाली. नावाडी मोजकंच बोलतो. नावेत मी पुढे, तो मध्ये, ही मागच्या फळीवर. ही उतरली की लगेच तिथे तो मोठा दगड ठेवतो. बसती जागा मोकळी सोडायची नसते म्हणे. मी म्हटलं, हिच्या वजनाचा दगड कुठून आणणार? हिनं चिमटा काढला.

६ तारीख, बुधवार
हिला सर्दी, म्हणून खोलीवरच राहिली. नावाडी बाजाराला गेलेला, तेव्हा मीच नाव काढली. दगड धक्क्यावर उतरवला. सुट्टीत ओझी कोण वाहणार? वाटलं, मागची बाजू उचलली जाईल. पण नाव अगदी सरळ चालली. परतलो तर नावाडी धक्क्यावर उभा. मागची फळी ओली बघून त्यानं घाईनं दगड परत तिथं ठेवला. तिथं रोज बाईच बसतात ना, एवढंच त्यानं विचारलं.

७ तारीख, गुरुवार
ही पलंगावर बसते, पण गादी दबत नाही. नावेत बसवलं तर मागची बाजू वरच. नावाड्यानं हिच्या पायाशी दगड ठेवला.

८ तारीख, शुक्रवार
हिला उचलून पाहिलं. उशीएवढीही भरत नाही. लग्नात उचलताना माझी कंबर धरली होती. मला भीती वाटतेय. नावाडी म्हणतो, हिची जागा गेली. तिथं बसलेलं आता जागा मोकळी दिसली की पुन्हा येणार. आम्हाला पलीकडे न्यायला तो तयार नाही. हिला डॉक्टरकडे न्यायलाच हवं —

शनिवार, दुपार
नाव मीच काढली. हिला मागे बसवलं, दोर सोडायला वाकलो, निघालो. दगड घेतला नाही. तरी नाव सरळ! हिचं वजन परत आलं — रडूच कोसळलं मला. मागे न बघताच विचारलं, बरं वाटतंय ना. ही हुं म्हणाली.

धक्का लांब गेलाय. तिथं कोणीतरी हात हलवतंय. हिरवी साडी. आज हिनं —

इतकी हलकी बाई उतरली तर नाव हलणारसुद्धा नाही.

वल्हं सोडलंय. लिहीत राहिलो की मागे बघावं लागत नाही. फळी करकरली. पुढची बाजू खाली जातेय — म्हणजे ते उठलंय — माझ्या