बियाण्याच्या माळेची सुटका होणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
आदर्श कांदा साठवण व प्रदर्शन केंद्र,
मौजे खारआळी, जि. रायगड.

अर्जदार: सौ. सोनाबाई बाळाजी थळे, रा. खारआळी, केंद्रासमोरचे घर (वास थेट येतो ते).

विषय: केंद्राच्या कुलपात अडकलेली बियाण्याच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ, अर्जदाराच्या मुलीच्या पाठवणीपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाची तीन पत्रे. तिन्हींवर जावक क्रमांक एकच असल्याने येथे पुन्हा लिहिलेला नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळविते की, सदर अर्ज अर्जदाराची मुलगी राही हिने लिहिला असून शब्द अर्जदाराचे आहेत. अर्जदार बोलत गेली आणि राही त्याचे सरकारी करत गेली. जिथे अर्जदाराचा तोल सुटला तिथे राहीने पेन खाली ठेवले, त्यामुळे मूळ अर्जाच्या मानाने हा निम्माच आहे. राहीचे लग्न येत्या शुक्रवारी आहे. लग्नघरात नवरीवर अर्ज खरडत बसण्याची पाळी आपल्या केंद्राने आणली, याची प्रथम नोंद घ्यावी.

१. अर्जदाराच्या घरी दरसालच्या पिकातून चांगले कांदे निवडून त्यांची एक माळ बियाण्यासाठी वेगळी काढतात. ती चुलीवरच्या वाशाला टांगलेली असते. घरातला कांदा संपो, दारात पाहुणे येवोत, त्या माळेला कोणी हात लावत नाही. पावसाळा सरला की तेच कांदे लावायचे, फुलोरा येऊ द्यायचा आणि बी धरायचे. लेक सासरी निघाली की तिच्या हातात अशी एक माळ द्यायची, ही अर्जदाराच्या माहेरची, म्हणजे नागावची रीत. अर्जदार स्वतः अशीच माळ घेऊन या गावात आली. सोबत आणलेली पितळेची भांडी कधीच मोडीत गेली, बी मात्र अजून आहे. राहीचे सासर काशीदचे. घरापुढे पर्यटकांच्या खोल्या आणि मागे मोकळी जमीन, जिच्यात सध्या नुसत्या खुर्च्या मांडलेल्या असतात. राहीने आईकडे दागिना मागितला नाही, माळ मागितली. ती माळ आपल्या कुलपात आहे. अर्ज खरे म्हणजे इथेच संपला. पुढचे केवळ खुलाशादाखल आहे, कारण आपल्या दुसऱ्या पत्रात खुलासा मागितला आहे.

२. गेल्या हंगामात आपले क्षेत्र सहायक श्री. सुजित हे अर्जदाराच्या बांधावर आले आणि म्हणाले, "काकी, कांदा असा झाला पाहिजे की फोटोत मावला नाही पाहिजे." मागोमाग युरियाच्या गोण्या आल्या. अर्जदार आजवर शेणखत आणि चुलीतली राख यांवरच कांदा घेत आली. परंतु केंद्राच्या दर्शनी फलकावर अर्जदाराचे नाव रंगवणार असे सुजित यांनी सांगितले आणि अर्जदार विरघळली. खोटे कशाला सांगायचे! गावात आजवर अर्जदाराचे नाव फक्त भांडणातच मोठ्याने घेतले गेले आहे.

कांदा पोसायला लागला की खताचा हात आखडता घ्यायचा असतो. त्याच वेळी आपल्याकडून आणखी एक हात मारण्याचा निरोप आला. पात कमरेला लागली, कांद्याची मान मनगटाएवढी झाली. एरवी कांदा तयार झाला की पात मानेशी मऊ पडून आपोआप आडवी होते, तोवर आपण वाट बघायची. हा कांदा आडवा होईचना. इकडे उद्घाटनाची तारीख ठरलेली, म्हणून तो उभा असतानाच उपटण्यात आला. शेजारीण सकिना, जी रस्त्यावर मुंबईच्या पाहुण्यांना माळा विकते आणि जिने हयातभर कांदा हाताळला आहे, तिने एक दाबून बघितला आणि म्हणाली, "सोनाबाई, हा कांदा न्हाय गो, पाण्याची पिशवी हाय." अर्जदार तिला "जळतेस तू" असे म्हणाली. सदर शब्द अर्जदार या अर्जाद्वारे परत घेत आहे, कृपया सकिनास कळविणे.

३. काढणीनंतरच्या बाबतीत आपण जे जे सांगितले ते ते अर्जदाराने केले. आमच्याकडे उपटलेला कांदा त्याच्याच पातीखाली झाकून शेतात सुकवतात, मग सावलीत घेतात, आणि मान वाळून आवळली की पातीची वेणी घालून माळ करतात. आपणास हे गावठी वाटले. कांदा फोटोत पांढराशुभ्र दिसावा म्हणून तो नळाखाली धुण्यात आला. क्रेटमध्ये नीट बसावा म्हणून ओली पात बुडाशी छाटण्यात आली, त्याकामी अर्जदाराच्या घरची कात्री वापरली. आणि आतल्या नव्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्यांना काचा बसवून त्या कायमच्या बंद केल्या. म्हणजे फुगलेला, धुतलेला, मान कापलेला कांदा, आमच्या या खाऱ्या दमट हवेत, बिनवाऱ्याच्या खोलीत. एवढी बडदास्त ठेवल्यावर बिचाऱ्याला सडण्यावाचून काही काम उरले नाही.

४. आता माळेविषयी. उद्घाटनाच्या सकाळी आपल्या असे लक्षात आले की, क्रेटमधले कांदे फोटोत अंड्यांसारखे दिसतात. सुजित धावत अर्जदाराच्या घरी आले. "काकी, ती वाशावरची माळ द्या ना, एका दिवसापुरती. संध्याकाळी मी स्वतः आणून देतो." ती माळ परसातल्या वाफ्यातली, तिला युरियाचा कणही लागलेला नव्हता. अर्जदाराचे यजमान बाळाजी म्हणाले, "बियाण्याची माळ घराबाहेर जात न्हाय." ते वर्षातून एखाद्या वेळीच बोलतात, पण अर्जदाराने तेही ऐकले नाही. फलकावरचे नाव डोळ्यांसमोर नाचत होते. अर्जदाराने आपल्या हाताने माळ उतरवली आणि आपल्या हाताने केंद्रात मधोमध पंख्याच्या हुकाला टांगली. खाली 'पारंपरिक पद्धत' अशी पाटी लागली. दाराला लाल फीत बांधली. प्रमुख पाहुण्यांची गाडी गावातून गेली खरी, पण थांबली नाही. ते थेट समुद्रावर गेले म्हणतात. आपण फीत तशीच ठेवून दाराला कुलूप घातले, पाहुणे नवी तारीख देतील म्हणून. मग पावसाळा आला, गणपती आले, गेले. पाहुणे अजून यायचे आहेत.

५. अर्जदाराने माळ मागितली तेव्हा आपल्या पहिल्या पत्राने कळविले की, सदर माळ आता प्रदर्शनीय वस्तू झाली असून उद्घाटनाअगोदर हलवता येत नाही. श्रावणात कांद्याने दारातून पाणी सोडले. एसटीच्या थांब्यावरची माणसे पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊ लागली. सकिना नाकाला ओढणी लावून विचारायला आली, "आत नक्की काय मेलाय गो? एखादा साहेब तर न्हाय?" यावर आपले दुसरे पत्र आले की, अर्जदाराच्या मालामुळे केंद्राच्या परिसरात दुर्गंधी पसरली असून अर्जदाराने खुलासा करावा. तो वर केला आहे.

माळ मात्र जिवंत आहे. गावातल्या पोरांच्या चेंडूने केंद्राची एक काच फुटली आहे. तेवढ्या भोकातून जो वारा आत जातो त्यावर ती माळ पावसाळाभर तग धरून राहिली. आपल्या संपूर्ण केंद्रात साठवणुकीचे काम ती फुटकी काच एकटीच करते आहे. अर्जदार रोज सकाळी नाकाला पदर लावून त्या भोकापाशी उभी राहते. दिवाळी झाल्यावर एका सकाळी माळेतल्या कांद्यांना हिरवे कोंब दिसले. अर्जदार तिथेच रस्त्यात उभी राहून रडली, हे राहीने लिहू नये असे सांगितले होते, तरी तिने लिहिले आहे. कोंब आले म्हणजे कांदा मातीत जायला निघाला. आता लावला तर फुलेल. तसाच टांगलेला राहिला तर स्वतःलाच खाऊन पोकळ होईल आणि अर्जदाराच्या आईपासून चालत आलेले बी त्या पंख्याच्या हुकावर संपेल.

कोंब आपणासही दिसले. त्यानुसार आपले तिसरे पत्र आले की, अर्जदाराने केंद्राच्या इमारतीत विनापरवाना लागवड केली आहे. त्याच पत्रात शेवटी असेही आहे की, फुटलेली काच येत्या शुक्रवारी बाहेरून बसवण्यात येईल, त्यासाठी कुलूप उघडण्याची आवश्यकता नाही.

६. तरी महोदय, लागवडीचा आरोप अर्जदारास मान्य आहे. दंड, शिक्षा, जे काय असेल ते लग्नानंतर करावे. फलकावरचे नाव पुसून टाकावे, त्याची हौस फिटली. फक्त शुक्रवारच्या आत दार उघडून माळ द्यावी, एवढीच हात जोडून विनंती आहे.

उद्घाटनाशिवाय दार उघडण्याची नियमात सोय नाही, असे सुजित यांनी तोंडी सांगितले. ते स्वतः कसनुसे झाले होते, त्यांच्यावर राग नाही. नियम मोडू नये असे अर्जदारासही वाटते. म्हणून अर्जदाराने पुढीलप्रमाणे व्यवस्था केली आहे. शुक्रवारी लग्न लागल्यावर वरात मंडपातून निघून प्रथम आपल्या केंद्राच्या दारात येईल. वाजंत्री ठरलेली आहे, फोटोवाला ठरलेला आहे, नारळ घरचा आहे आणि माणसांना तोटा नाही. प्रमुख पाहुणी म्हणून राही उपस्थित राहील. तिने तारीख दिली आहे आणि ती समुद्राकडे वळणार नाही. आपण चावी घेऊन यावे, म्हणजे कुलूप फोडण्याचा प्रसंग वऱ्हाडावर येणार नाही. राही फीत कापील, माळ हातात घेईल आणि तिथूनच सासरी जाईल. काचवाल्यासही जेवायला थांबवावे. आपणास सहकुटुंब आमंत्रण आहे. जेवणात कांदा नाही.

नम्र राहण्याचा शुक्रवारपर्यंत प्रयत्न करणारी,
सौ. सोनाबाई बाळाजी थळे
(सही अर्जदाराची, अक्षर राहीचे)
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१. आपल्या तिन्ही पत्रांच्या प्रती.
२. लग्नपत्रिका.
३. केंद्रातील कांदा, नग एक, फुटक्या काचेतून काठीने ओढून काढलेला, दुहेरी पिशवीत. पोच द्यावी.
४. ज्या कात्रीने आपल्या सांगण्यावरून पात छाटली ती कात्री पुरावा म्हणून जोडणार होतो, परंतु जोडलेली नाही. ती शुक्रवारी फितीला लागणार आहे.