पांढरी डायल आणि दोन काप

आबा, तुमच्या दुकानात पंखा नवा आहे, टेबल तुमचंच आहे आणि माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, पण आज कुणावर तरी चिडल्याशिवाय मला घास गिळवणार नाही, आणि चिडायला तुमच्याइतकं हक्काचं माणूस दुसरं नाही. तुमच्या वेळी लोक वेळ बघायला घड्याळ घ्यायचे. आता वेळ फोनवर बघतात आणि महागडी परदेशी घड्याळं कपाटात जमवतात. अशा जमवणाऱ्यांचं एक टोळकं माझ्या दुकानात येतं: चितेगावला कारखाना असलेले एक शेठ, एक वकीलसाहेब, दोन-तीन डॉक्टर. त्यांची घड्याळं उघडायला शहरात ते माझ्याशिवाय कुणाकडे जात नाहीत. दुकान आज चालतं ते त्यांच्यामुळे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरं काही लिहिणार नाही.

दरवर्षी उन्हाळा लागला की त्यांची ती लाडकी कंपनी नवं मॉडेल काढते. त्या दिवशी ही मंडळी भर दुपारी दुकानात जमतात, वकीलसाहेबांच्या फोनवर फोटो बघतात आणि मयताला आल्यासारख्या माना हलवतात. "कंपनी संपली, ताई," शेठ म्हणतात. कधी काच फार मोठी, कधी तारखेची खिडकी नको तिथे, कधी हिरवा रंग म्हणजे निव्वळ शेवाळ. घड्याळ कुणी हातात घेतलेलं नसतं, कारण ते या शहरात मिळतच नाही. दोन वर्षांनी तेच घड्याळ 'तसं वाईट नाही' होतं. पुढे कंपनी ते बनवायचं थांबवते, आणि तेव्हा हीच माणसं माझ्या टेबलावर हात आपटून विचारतात, कुठं मिळेल का हो? त्या हिरव्याला शेवाळ म्हणणारे वकीलसाहेब परवा मला सांगत होते की त्यांना तो हिरवा पहिल्या दिवसापासून आवडला होता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, खोटं बोलत असते तर मला इतका राग आला नसता.

तुम्ही तरी कुठे वेगळे होता? पाचोडच्या बाजारात पेटी मांडून बसायचात तेव्हापासून नवं काही आलं की तुमचं नाक वर. सेलवरची घड्याळं आली तेव्हा म्हणालात, "चावी नाय ती कसली घडी? खेळणं हाय खेळणं." वर्षभर दुकानात सेल ठेवू दिले नाहीत, आणि मग एक दिवस स्वतःच डबा भरून आणलेत. मी हसले तर म्हणालात, "मी कवा नको म्हनलं व्हतं?" पण एकदा, आबा, फक्त एकदा तुम्ही उलटं वागलात, आणि नेमकं तेव्हाच मी तुमचं ऐकलं नाही.

आठवतं ना ते दातांच्या डॉक्टरांचं घड्याळ? मी बावीस वर्षांची, तुमच्या शेजारी बसून दोन वर्षं झालेली. डॉक्टरांच्या भावानं त्यांना याच कंपनीचं तेव्हाचं नवंकोरं मॉडेल आणून दिलं होतं. जाडजूड, आणि डायल तपकिरी, करपलेल्या भाकरीसारखी. दवाखान्यात येणारा जाणारा त्यांना हसायचा. ते घड्याळ टेबलावर ठेवून म्हणाले, याचं काही करता येईल का? मी लगेच म्हणाले, पांढरी करून देते. तुम्ही भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत बसलात. "रंग वंगाळ हाय," तुम्ही म्हणालात, "पन ज्यानं केला त्यानं इचार करून केला आसंल. ऱ्हाऊ दे हाय तसं." मी हट्टाला पेटले. माझ्या हातचं काम कधी बघणार, म्हणाले. शेवटी तुम्ही खुर्चीतून उठलात आणि म्हणालात, "कर बाई." स्पिरिटचा बोळा घेऊन तो तपकिरी रंग मी स्वतः पुसला. सराफ्यामागच्या रंगाऱ्याकडून पांढरा चढवून, वर काळे आकडे काढून आणले. डॉक्टर इतके खूश झाले की पेढे घेऊन आले.

झाकण लावायच्या आधी आपली रीत होती. उघडलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून सुईनं खूण करायची, खाली महिना आणि साल. तुमची खूण म्हणजे दोन काप, आजोबांच्या मेंढरांच्या कानाला असायचे तसेच. मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी कुणाचं ते कळावं म्हणून ते काप. मला माझा एक काप त्या दिवशी पहिल्यांदा कोरायचा होता. सुई हातात धरूनही झाली होती. तुम्ही ती काढून घेतलीत आणि तुमचे दोन काप ओढलेत. "तुझी खूण करायला येळ हाय आजून," म्हणालात. काम माझं आणि खूण तुमची! मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. खरं सांगू, तो राग मी तुम्ही गेल्यावरही सोडला नव्हता.

मागच्या आठवड्यात कंपनीनं नवं मॉडेल काढलं, आणि काय काढलं असेल? तीच तपकिरी डायल. जुन्याची आठवण म्हणून. मंडळींनी नेहमीसारख्या माना हलवल्या: "जुन्याची सर नाही, ताई." ज्या जुन्याला अख्खं गाव हसलं होतं, त्याची सर! आणि मग शेठनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. दलालाकडून मिळवलेलं ते जुनं मॉडेल होतं, पण पांढऱ्या डायलचं. "कंपनीनं पांढरी मोजकीच काढली असणार," शेठ कुजबुजले. "उघडा आणि सांगा." मी झाकण फिरवलं. आत दोन काप, खाली माझ्या बाविसाव्या वर्षाचं साल.

डायल सोडवली. काठाला केसाएवढी तपकिरी कड राहिली होती, माझा बोळा तिथे पोचला नव्हता. मी म्हणाले, शेठ, ही रंगवलेली आहे. वकीलसाहेबांनी भिंग ओढून घेतलं आणि ते झाकणात डोकावले. "कोण हा गाढव? खूणसुद्धा करून ठेवलीय! ताई, ओळखता का याला?"

आबा, याच मंडळींना मी वर्षानुवर्षं बजावते की मूळ डायलला हात लावणाऱ्याकडे घड्याळ देऊ नका. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही, ओळखत नाही."

ते गेल्यावर मी दुपारभर दुसरं काम केलं नाही. मला आता कळतंय तुम्ही सुई का काढून घेतलीत. काम चुकलं हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं, आणि उद्या कुणी शिव्या दिल्या तर त्या माझ्या खुणेला लागू नयेत म्हणून तुम्ही तुमची पुढे केलीत. पण मग तेव्हा तोंडानं सांगायला काय झालं होतं? तीस वर्षं मला उगाच चिडवत ठेवलंत. आणि मी काय केलं, तर चार माणसांसमोर तुम्हाला गाढव म्हणू दिलं.

हे पत्र तुमच्या भिंगाच्या डबीत राहील, तिथून ते कुणाला मिळायचं कारण नाही. शेठचं घड्याळ उद्या परत द्यायचंय. मघाशी झाकण लावण्याआधी तुमच्या दोन कापांखाली मी माझा एक काप कोरला. त्याच्याखाली तेव्हाचंच साल घालायचं, म्हणजे पुढे जो उघडेल त्याला कळेल काम कुणाचं, असं ठरवून बसले होते. हात धजला नाही, आबा. साल या वर्षीचंच घातलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल मी ते नुसतं उघडलं होतं.